अर्ध्या जिभेची शपथ

पुंजाजीच्या जिभेबद्दल धामणगावात जे सांगतात त्यातलं निम्मं वजा केलं तरी उरलेलं एका माणसाला पुरून उरेल. म्हणतात, नाल्याकाठच्या एका बाभळीला त्यानं शिवी दिली तर तिच्या शेंगा पंधरा दिवस आधीच गळाल्या. म्हणतात, मलकापूरच्या ठेसनाबाहेर एका बागवानाशी वांग्याच्या भावावरून त्याची जुंपली, तेव्हा नागपूरची गाडी सुटेना, कारण गार्ड शिट्टी तोंडात धरून ऐकत उभा राहिला होता. गाडीचं कोणी शपथेवर सांगणार नाही. पण एक गोष्ट खरी होती आणि ती पाहायला लोक वाट वाकडी करून त्याच्या मळ्यात येत. पुंजाजीचे बैल त्याच्या आवाजावर मोट ओढत.

चाबूक नाही, काठी नाही, शेपटीला हात नाही. लाल्या आणि कवड्या धावेच्या उतारावरून मागे मागे सरकत विहिरीच्या तोंडाशी येत, मोट खाली पाण्यात बुडे, आणि ती भरेस्तोवर पुंजाजी गाण्याची एक ओळ म्हणे. ओळ कधी रामाची, कधी सीतेची, बहुतेक वेळा गावातल्या कोणाच्या तरी बायकोची. शेवटचा शब्द तो लांबवून सोडायचा, तसे बैल माना खाली घालून धावेनं उतरत आणि वर थारोळ्यात मोट भस्सकन् ओतली जायची. खाली वाफ्यात त्याची बायको वच्छलाबाई दारं धरायची. कोणाच्या बायकोचं नाव आलं ते तिला पाण्याआधी कळायचं.

विहीर दोघा भावांची होती, पुंजाजीची आणि थोरल्या रंगरावची. चार दिवस पाणी याचं, चार दिवस त्याचं. बाप गेल्यावर पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलून ही पाळी बोलून घेतली होती. गाभाऱ्यात दोघं भाऊ आणि तिसरी पिंड. कागद नव्हता, चौथा माणूस नव्हता. लागलाही नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला पुंजाजीच्या जिभेच्या डाव्या कडेला, जिथं तो तंबाखू-चुना दाबून ठेवायचा तिथं, एक फोड आला. त्यानं तो दोन महिने लपवला. मिरची सोडली, म्हणाला पित्त झालं. भाकर दुधात कुस्करायला लागला, म्हणाला दाढ दुखते. मग एक दिवस गाण्याच्या ओळीचा शेवटचा शब्द जिभेवर अडकला. लाल्या उतरला, कवड्या उभाच राहिला. नाड्याचा दोर तिरपा होऊन मोट विहिरीच्या कडेवर आदळली आणि कातड्याला हातभर चीर गेली.

त्या संध्याकाळी वच्छलाबाईनं चिमणीच्या उजेडात त्याचं तोंड उघडून पाहिलं.

"माय वं!" एवढंच ती म्हणाली.

गावात जखमा पाहणारा माणूस मोतीराम. बैलाची खुरी असो की माणसाचं गळू, त्याच्याकडे औषध एकच, मोरचूद. त्यानं चिमट्यात जीभ धरून मोरचुदाचा खडा फोडावर घासला. पुंजाजीनं त्याला जी शिवी दिली ती अर्धीच बाहेर आली. आठ दिवसांनी पुन्हा घासला. फोड काळा पडला, मग पांढरा, मग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा कडेनं उकलला.

"तिसऱ्यांदा घासू, मंग पाहाय," मोतीराम म्हणाला.

"तिसऱ्यांदा तुह्या जिभेवर घास बे," पुंजाजी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच बुलढाण्याच्या वाटेला लागला.

राजूरचा घाट चढायला सर्व्हिस मोटार होती, पण मोटारीत लोक बोलतात आणि त्याला कोणाशी बोलायचं नव्हतं. चालतच चढला. डिप्टी कमिशनरच्या बंगल्यापलीकडे सरकारी दवाखाना. दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, कोटाच्या बाहीला शाईचा डाग. त्यांनी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, बोटानं चाचपली, हनुवटीखाली दोन्हीकडे दाबून पाहिलं. मग हात धुऊन कागद ओढला आणि लिहायला लागले.

"साहेब," पुंजाजी म्हणाला, "जीभ माही हाय. आधी मले दाखवा."

डॉक्टरांनी मान वर केली. टेबलाच्या खणातून स्वतःचा दाढीचा आरसा काढून दिला. बाजारात शेकडो बैलांचे जबडे पुंजाजीनं फाकून पाहिले होते, दात मोजले होते, दोष काढले होते. आपलं तोंड तो पहिल्यांदाच पाहत होता. बराच वेळ त्यानं पाहिलं.

"याले काय म्हन्ते?"

"कर्करोग."

"नाव मोठं हाय. काम काय करते थे सांगा."

"वाढतो. जिभेतून गळ्यात उतरतो. मग अन्न बंद होतं, मग पाणी."

"कवापर्यंत?"

"पुढची दिवाळी पाहाल असं मी म्हणणार नाही."

"अन् औषध?"

"पोटात घ्यायचं औषध नाही. कापावं लागेल. अर्धी जीभ जाईल. नागपूरला होईल ते, महिन्याच्या आत गेलात तर. गळ्याच्या गाठी आज हाताला लागत नाहीत. महिन्यानंतर आलात तर हे वाक्य मी परत म्हणणार नाही."

पुंजाजीनं आरशात पुन्हा जीभ काढली, जणू वाटणीची रेघ कुठून जाते ते पाहत होता.

"बोलता येईन?"

"बोलाल तुम्ही. समजेल का, ते ऐकणाऱ्यावर आहे."

बाहेर पडवीत कोणाचं पोर रडत होतं. डॉक्टरांनी दौत बंद केली. पुंजाजी काही उठेना.

"कापनं थे झालं त्याइचं काम," तो म्हणाला. "माहं काम काय थे सांगा ना."

वीस वर्षांत हा प्रश्न डॉक्टरांना कोणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला. मग बोटांवर मोजून सांगितलं. तंबाखू आजपासून बंद. मिठाच्या पाण्यानं दिवसातून चार चुळा. जिभेला घासते ती किडकी दाढ आजच काढून जा. दूध, तूप, जे गिळेल ते खा, अंगावर मांस पाहिजे, कापल्यावर पंधरा दिवस नळीवर राहावं लागेल. रोज आरशात पाहा. हनुवटीखाली बोटं फिरवा, हरभऱ्याएवढं काही लागलं तर उजाडायची वाट पाहू नका.

"मोरचूद?"

"अजिबात नाही."

पुंजाजी दाढ काढून, नागपूरची चिठ्ठी धोतराच्या गाठीला बांधून घाट उतरला. उतरता उतरता तंबाखूची चंची खोल दरीत भिरकावली. गावात पुढे सांगत की त्या दरीतल्या माकडांची महिनाभर तल्लफ सुटत नव्हती. पुंजाजीची सुटत नव्हती हे मात्र खरं. रात्रंदिवस त्याची बोटं कंबरेशी जात आणि रिकामी परत येत.

रंगराव ओसरीवर बसून दोर वळत होता. सगळं ऐकून त्यानं दोर खाली ठेवला.

"जीभ कापून देशीन? बकऱ्याची कापते तशी?"

"अर्धी."

"अर्धी! अबे, देवानं दिलं थे देवाजवळ साबूत न्या लागते. तुह्या वयनीले विचार."

वयनी म्हणजे मंजुळाबाई दारातून म्हणाली, "बिनजिभेच्या मानसाच्या हातचं पानी पितर घेत नाईत म्हन्ते, भावजी."

"पितर घेवो न घेवो, वयनी, मले तर प्याचं हाय," पुंजाजी म्हणाला.

रंगराव वाईट नव्हता. त्यानंच दुसऱ्या दिवशी आपल्या गायीचं शेरभर दूध पाठवून दिलं, आणि रोज पाठवत राहिला. पण दूध घेऊन येणाऱ्या माणसाजवळ निरोपही असायचा, की मोतीराम म्हणते अजून एक खेप घासून पाहावं.

हातात तीन आठवडे होते. पुंजाजीनं ते असे वापरले की पाहणाऱ्यांना वाटलं याच्या जिभेआधी याचं डोकं गेलं. पहिल्याच पाळीच्या दिवशी तो उपरणं तोंडावर आवळून बांधून विहिरीवर आला. हातात बाभळीच्या दोन टिपऱ्या. मोट भरली. त्यानं टिपरी वाजवली, खट्. बैल उभे. खट् खट्. लाल्यानं मागे वळून पाहिलं. पुंजाजीच्या तोंडावर फडकं पाहून त्याला वाटलं असेल की धनी कोणाकडे चोरी करायला निघाला. दुपारपर्यंत दहा मोटा निघाल्या नाहीत. वांग्याची पानं मलूल होऊन लटकली. वच्छलाबाई पाटाच्या तोंडाशी बसून राहिली, खोरं गुडघ्यावर.

"एक ओळ म्हना ना जी, आजच्यापुरती. रोपं मरून राह्यली."

त्यानं मान हलवली. जीभ असताना बैलांना बिनजिभेचं शिकवायचं, नाहीतर मग शिकवणार कोण? तिसऱ्या दिवशी त्यानं ओठांवरचं फडकं सैल केलं आणि गाणं पोटातच गुणगुणत शेवटच्या शब्दावर टिपरी मारली. मग गुणगुणणं कमी केलं. मग बंद. लोक बांधावर उभे राहून दात काढत. "मौनीबाबा झाला रे पुंजाजी!" त्याच्या मनात एकेकासाठी उत्तर तयार होई, धारदार, घरादाराची लाज काढणारं. तो ते गिळून टाकी. डॉक्टरांनी सांगितलेल्या कामांत हे काम नव्हतं, आणि हेच सगळ्यात जड होतं.

अठराव्या दिवशी खट् झालं आणि बैल निघाले. परत सरकले. खट्, निघाले. त्या दिवशी सूर्य मावळेस्तोवर मोट थांबली नाही. बैल सोडताना पुंजाजीनं कवड्याच्या कानामागे खाजवलं आणि तिथंच वशिंडाला डोकं टेकवून उभा राहिला. बैलांना आपल्या आवाजावाचून अडत नाही हे पाहायलाच त्यानं तीन आठवडे घालवले होते. आता ते पाहवत नव्हतं.

घरी वच्छलाबाईशी खुणांची तालीम चाले. भाकर, पाणी, दुखतं, पुरे, दार लाव.

"अन् मले हाक कशी मारसान?" तिनं विचारलं.

त्यानं विचार केला. मग दोन्ही कानांवर हात दाबून तोंड असं वेडंवाकडं केलं, जणू कोणी कानाशी थाळी वाजवून राहिलं आहे. तिनं पळी फेकून मारली. मग दोघं हसली. हसता हसता त्याच्या जिभेतून रक्त आलं, तेव्हा थांबली.

निघायच्या चार दिवस आधी तीच म्हणाली, "सारं केलं तुमी. बैल शिकवले, दाढ काढली. पाळीचं काय?"

"कायचं पाळीचं?"

"थे चार दिवस चार दिवस, हे कोनाच्या तोंडात हाय? तुमच्या अन् मोठ्या भावजीच्या. तुमचं तोंड तर तुमी नागपूरले ठिवून येता. पटवाऱ्यासमोर दोन ओळी लिवून घ्या."

तिचं खरं होतं. पुंजाजी रंगरावकडे गेला. कांद्याबद्दल बोलला, बैलाच्या खुराबद्दल बोलला. तीनदा उठला, तीनदा बसला. भावाजवळ कागद मागायचा म्हणजे आईजवळ दुधाची पावती मागण्यासारखं. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाला, "दादा, थे पाळीचं काई कागदावर..."

रंगरावच्या हातातला गडवा तसाच थांबला. त्याचा चेहरा असा झाला, जसा कोणी चारचौघांत त्याच्या डोक्यावरचं मुंडासं उडवलं.

"बेलभंडार उचलला तवा कागद होता काय?"

"नव्हता."

"मंग? मी मेलो, का तू मरून राह्यला?"

पुंजाजीची मान खाली गेली. "तसं नाई, दादा."

"जाय. बिनघोर जाय. तुहे वाफे मी भिजवतो. एक रोप वाळलं तर माहं नाव बदलजो."

पुंजाजी घरी आला. वच्छलाबाईनं नुसतं पाहिलं. "लाज वाटली," तो म्हणाला. ज्या माणसानं कर्करोगाला नाव-गाव-धंदा विचारला होता, तो या एका गोष्टीपुढे गप्प झाला.

नागपूरच्या दवाखान्यात कारकुनानं विचारलं, संमतीला भाऊ नाही आला का? पुंजाजीनं शाईत अंगठा बुडवून कागदावर असा दाबला की खालच्या तीन कागदांवर उठला. "जीभ माही, अंगठा माहा." त्याच्या जिभेची ही शेवटची धड वाक्यं. त्यानंतर एका फडक्याचा गोड, गुदमरवणारा वास, आणि मग वच्छलाबाईचा चेहरा, खूप वरून, विहिरीच्या काठावरून वाकून पाहावं तसा.

तोंडात गोधडी कोंबल्यासारखं वाटत होतं. नाकात नळी. लाळ गळायची आणि तिला रक्ताचा वास यायचा. सातव्या दिवशी त्यानं खुणेनं आरसा मागितला. नर्सबाई नको म्हणाली. त्यानं पाण्याचं घंगाळ ओढून त्यात पाहिलं. उरलेली अर्धी जीभ तोंडाच्या तळाशी शिवून टाकल्यासारखी पडून होती, चिमणीच्या मेलेल्या पिलासारखी. बाराव्या दिवसापासून तो स्वतःच बोटाला फडकं गुंडाळून तोंड धुऊ लागला. नर्सबाई नुसती औषधाची वाटी धरायची. पंधराव्या दिवशी तोटीच्या भांड्यानं पेज घेतली, निम्मी नाकातून आली. त्यानं परत घेतली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज मोठ्यानं बोल, जे उमटेल ते उमटेल. तो बोलायचा. माय, बाप, मामा हे ओठांचे शब्द बरे निघत. जीभ टाळूला, दाताला जिथं लागते ते सगळे शब्द वाऱ्यासारखे निघून जात. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचा.

गळ्यात गाठ नव्हती. "वाचलास," मोठे डॉक्टर म्हणाले.

चैत्र अर्धा सरला तेव्हा मलकापुराहून भाड्याच्या गाडीनं नवरा-बायको परत आली. मळ्याची वाट वळली आणि वच्छलाबाई गाडीत उभी राहिली.

पुंजाजीची वांगी हिरवी होती. रंगरावनं शब्द पाळला होता. पण त्या पलीकडे, जिथं रंगरावचं रान उन्हाळ्यात उघडं पडलेलं असायचं, तिथं दीड एकर ऊस उगवून आला होता. वीतभर कोंब, ओळीत, टवटवीत. ऊस चार दिवसांच्या पाळीवर जगत नाही हे शेंबडं पोरही जाणतं.

रंगराव सामोरा आला. पुंजाजीचा खांदा धरला, डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खोटं नव्हतं. मग उसाकडे पाहून म्हणाला, "बेणं फुकटात भेटलं. मले वाटलं..."

काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. पुंजाजीला कळलं. हा परत येत नाही, असं वाटलं.

पाळीच्या दिवशी पुंजाजी टिपऱ्या घेऊन आला तर विहिरीवर रंगरावची मोट चालू होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रंगराव म्हणाला, "आजपासून दोन दिवस तुहे, सहा माहे. बाबा तसंच सांगून गेले होते. इतके सालं चार देल्ले थे मायेनं देल्ले. एकटं घर हाय म्हनून."

पुंजाजीच्या तोंडातून जे निघालं त्यानं बांधावरचे बगळे उडाले. पण ते शब्द नव्हते.

"काय म्हन्ते वं हा?" रंगरावनं वच्छलाबाईला विचारलं.

"चार दिवस म्हन्ते! बेलभंडार उचलून चार दिवस! तुमाले समजत नाई काय?"

"नाई समजत," रंगराव म्हणाला आणि बैलाच्या शेपटीला हात घातला.

बुलढाण्याला दावा लावता आला असता. पण विहीर थोरल्याच्या नावावर, आणि कोर्टाची तारीख पडेपर्यंत वांगी थांबत नाहीत. पुंजाजी उकंडराव पाटलाकडे गेला. पाटलानं सोमवारी महादेवाच्या देवळात पंच बसवले. पाटील सरळ माणूस होता, पण सरळ माणूस म्हणजे नांगराच्या तासासारखा, मध्ये काही आलं तर वळत नाही.

"चार दिवस वापरले हे साऱ्या गावानं पाह्यलं," पाटील म्हणाला. "हक्कानं का मायेनं, एवढाच सवाल हाय. थो बोल झाला पिंडीसमोर. तवा पिंडीसमोरच सांगा लागन. पुंजाजी मांगते, पुंजाजीनं बेलभंडार उचलावा, काय ठरलं होतं थे तोंडानं बोलावं. बोलला का पानी त्याचं. मंग रंगराव हूं का चूं करनार नाई."

"कबूल," रंगराव म्हणाला. त्याची नजर पायाच्या अंगठ्यावर होती.

वच्छलाबाई खांबाआडून म्हणाली, "मी बोलतो याइच्या बदली. मले सारं समजते."

"बाई, शपथ उसनी देता येत नाई."

"मंग तुमी इचारा, थे मान हलवतीन."

पंचांतला इंद्रभान हसला. "मान तं नंदीबैलबी हलवते."

हे वाक्य पुंजाजीचं होतं. सहा वर्षांपूर्वी याच मंडपात एक तोतरा कोष्टी आपल्या अंगणाच्या हद्दीची शपथ घेताना अडखळला, तेव्हा कोणी म्हणालं की त्याला मान हलवू द्या. पुंजाजीनं हे वाक्य टाकलं आणि सगळा मंडप हसून लोळला. कोष्टी अंगण हरला. पुढे गाव सोडून गेला.

पुंजाजी अंघोळ करून आला होता, धोतर ओलं. चार दिवस तो आरशासमोर हे एवढंच बोलत होता. त्यानं ओंजळ पुढे केली. गुरवानं तीवर बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर भंडार. हळद पिवळीजर्द. पुंजाजीनं पिंडीकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि बोलला.

सावकाश बोलला. एकेक शब्द सुटा करून. महादेवाचं नाव, बापाचं नाव, चार दिवस माझे, चार दिवस भावाचे, ही विहीर दोघांची. त्याच्या कानात ते सगळं नीट वाजत होतं. मंडपात गेलं ते आ आणि ह आणि वारा. कपाळावरच्या शिरा ताठल्या. तिसऱ्या शब्दाला मागे कोणीतरी खुदकलं. तो थांबला नाही. "भावाचे" म्हणताना ओठ मिटले, उघडले, आणि उरलेल्या जिभेला न आवरलेली लाळ तार धरून हनुवटीवरून खाली उतरली आणि ओंजळीत, बेलाच्या पानावर पडली. हळद ओली झाली. पिवळा ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला.

गुरव दोन पावलं मागे सरला.

"उष्टा झाला," तो म्हणाला. "बेलभंडार उष्टा झाला."

उकंडराव पाटलानं टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"काय बोलला कोनाले समजलं?" त्यानं विचारलं. एकेकाकडे पाहिलं. इंद्रभाननं नाही म्हणून मान हलवली. बाकीच्यांनी हलवली. रंगरावकडे पाटलानं पाहिलंच नाही. ज्याच्याकडे मागणं आहे त्याला विचारायची रीत नाही.

"दोन दिवस," पाटील म्हणाला. आणि जरा थांबून, "वाचला हेच मोठं हाय, पुंजाजी. समजून घे."

पुंजाजीनं पिंडीसमोरच्या दगडावर हात पुसले. हळद निघाली नाही.

दोन दिवसांच्या पाण्यात सगळी वांगी जगत नाहीत. निम्मी जगवायची तर निम्मी उपटायची. नवरा-बायकोनं सकाळपासून तेच काम धरलं. झाडं गुडघ्याएवढी झाली होती, जांभळी फुलं, कुठं कुठं अंगठ्याएवढी वांगी धरलेली. एक हात बुडाशी, एक हात वर, पिळून ओढायचं. मुळं माती घेऊन येत. काट्यांनी तळवे सोलून निघाले. वच्छलाबाई उपटलेल्या झाडांवरची कोवळी वांगी ओट्यात तोडून घेत होती. त्याची भाजी तरी होईल. ती वाफ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेली तेव्हा बांधावर सावली पडली.

रंगराव उभा होता, हातात नाडा. आज त्याच्या पाळीचा सहावा दिवस.

"पुंजाजी," तो म्हणाला.

पुंजाजीनं झाड उपटलं.

"देवळात तू बोलला ना..." रंगरावनं मागे पाहिलं, वच्छलाबाई किती दूर आहे ते पाहिलं. आवाज खाली आणला. "मले समजलं. एकूनएक समजलं. बाबाचं नावबी समजलं. लहानपनापासून तुहं बोबडं मीच तं समजून घेत होतो."

पुंजाजी वाकलेला होता तसाच राहिला. मग सरळ झाला. हातातलं झाड त्यानं खाली टाकलं.

आणि बोलला. देवळात बोलला त्याच्या दसपट बोलला. नाल्याकाठच्या बाभळीलाही जे ऐकवलं नसेल ते, तीन आठवडे टिपऱ्या वाजवताना गिळलेलं ते, नागपूरच्या खाटेवर भिंतीला सांगितलेलं ते, सगळं. लाळ छातीवर आली, धोतरावर आली. आ, आणि ह, आणि वारा. पलीकडच्या टोकाला वच्छलाबाईनं मान वर करून पाहिलं. तिला वाटलं नवऱ्याला ठसका लागला. वाटेवरून जाणारी दोन माणसं थांबली, एकमेकांना कोपर मारून हसली आणि पुढे गेली.

रंगराव बांधावरून हलला नाही. एकेक शब्द त्याच्या तोंडावर उमटत होता, आधी कानशिलं लाल झाली, मग ओठ पांढरे पडले. मध्येच एकदा त्यानं डोळे मिटले. शेवटच्या शब्दापर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला.

मग जाऊन त्यानं उसासाठी आपली मोट जुंपली.